वाटणीत न आलेलं धाबं

रनाळे, ता. नंदुरबार
१२ फेब्रुवारी १९६१

रा. रा. रेवजी गोविंद पाटील यांसी,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. गेलं असतं तर तार केली असती.

कामापुरतं लिहितो. मळ्यातलं आपलं घर दसऱ्यानंतर पाडायचं नक्की झालं. तुझी संमती वकिलामार्फत पोचली, माझी मी समक्ष दिली. त्या जागेवर सोसायटीचं कापसाचं गोदाम आणि सरकी काढायचं जिन उभं राहणार आहे. हिंमतराव सोसायटीचा सेक्रेटरी झालाय. तोच हिंमतराव, ज्याला माझ्या वर्गात सरळ रेघ कधी मारता आली नाही. तो परवा आला आणि म्हणाला, "मास्तर, घर पाडाना पहिले त्याना नकाशा काढी ठेवा ना. आमना हापिसमा टांगसूत. इतलं जुनं घर शे, पुढला पोरेस्ले कसं समजी?"

कधी नव्हे ते तो शहाण्यासारखं बोलला. तीस वर्षं मी पोरांकडून आंबा, घंटा आणि कंदील काढून घेतले, आणि ज्या घरात जन्मलो ते एकदाही कागदावर काढलं नाही. पणजोबांनी गुजरातेतून येऊन या माळावर पहिला खांब रोवला तेव्हा रनाळ्यात विहिरीसुद्धा मोजक्याच होत्या म्हणतात. पडवीत गोऱ्या कलेक्टरचा मुक्काम पडायचा. संवत छपन्न्याच्या दुष्काळात आजोबांनी मधल्या खोलीतलं पेव उघडलं आणि दारात येईल त्याला ज्वारी वाटली. हे सगळं तुला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नव्हतं म्हणून लिहिलं.

अडचण अशी की नकाशा पुरा व्हायला सगळ्या घराची मापं लागतात. पूर्वेची बाजू, म्हणजे माझी, मी मोजतोय. पश्चिमेच्या बाजूला तुझं कुलूप आहे. हिंमतराव म्हणतो, तोडून टाकू. मी म्हटलं, कुलूप माझ्या भावाचं आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. तेव्हा किल्ली पाठव. सोबत पत्र पाहिजेच असं नाही. नुसती किल्ली आली तरी काम भागेल.

शांतीबाईस आशीर्वाद.

पितांबर गोविंद पाटील
निवृत्त ड्रॉइंग मास्तर


१० मार्च १९६१

रेवजी,

किल्ली आली नाही. होळी झाली, धुळवड झाली. पोस्टमन दारावरून जाताना आता मीच तोंड फिरवतो, त्याला उगाच नाही म्हणायचा त्रास नको.

तुझ्या व्यारा गावावर गेल्या वर्षापासून गुजरात राज्याची पाटी लागली. पत्राला त्यामुळे वेळ लागत असेल अशी मी मनाची समजूत घालतोय. आधी आपल्यामध्ये नुसती भिंत होती, आता राज्याची हद्दही आली. आपण दोघांनी वाटणीचा जो नाद लावला तो सरकारलाही लागला म्हणायचा.

माझी बाजू कागदावर उतरली. पडवी, ओसरी, देवघर, स्वयंपाकघर. ज्या कोनाड्यात तू बिब्बे लपवायचास तोही. पण टेप धरून मधल्या भिंतीपाशी गेलं की काम थांबतं. अर्धा कागद भरलेला आणि अर्धा कोरा. बोर्ड ओसरीवर ठेवलाय. येणारा-जाणारा विचारतो, मास्तर, अर्धं घर कुठं गेलं? काय सांगू? मी म्हणतो, व्याऱ्याला गेलं.

भिंतीचा विषय निघाला म्हणून सांगतो, चूक तुझीच होती असं मी आजही म्हणतो. वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि तू विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायला निघालास. मी म्हणालो, वडिलांची मोट चालू आहे, बैल धडधाकट आहेत, ती आधी मोडायची नाही. तू म्हणालास, भाऊ, तुम्ही शाळेत जाता, मोट हाकतो मी. खरं होतं ते, म्हणून तर जास्त झोंबलं. मग पंच बसले आणि सगळं दोन झालं. चूल दोन, गोठा दोन, शेत दोन. घराच्या मधोमध तू भिंत घातलीस, आणि घातलीस ती बरोबर पेवाच्या तोंडावर. आजोबांनी गावाला जेवू घातलं ते पेव त्या दिवसापासून तुलाही नाही आणि मलाही नाही. आता ऐक, सोसायटीच्या जिनाला वीज येणार आहे. तुझं इंजिनही म्हातारं झालं रे. ज्या दोन गोष्टींसाठी आपण भांडलो त्या दोन्ही भंगारात जमा.

फक्त एक गोष्ट पंचांना वाटता आली नाही. धाबं. दोरी-बिरी लावून पाहिलं त्यांनी, पण मातीचं धाबं सगळ्या घरावर एकच. दरवर्षी मिरगाआधी त्यावर खारी माती टाकून चोपायची, नाहीतर पावसाळ्यात घर डोक्यावर येतं. आणि अर्ध्याने आज टाकली, अर्ध्याने आठ दिवसांनी, तर मध्ये सांधा राहतो आणि पाणी नेमकं सांध्यातून उतरतं. म्हणून तू आणि मी, एकमेकांशी शब्द न बोलणारे दोघे, दरवर्षी एकाच दिवशी आपापल्या शिड्यांनी वर चढायचो. वरून भिंत दिसत नाही. धाब्यातल्या उजेडाच्या झरोक्यावरून अंदाज धरून मी पूर्वेकडून यायचो आणि तू पश्चिमेकडून. मधे आलो की तू एक हात माझ्या हद्दीत माती टाकायचास आणि मी एक हात तुझ्या. हे कधी ठरलं नाही. कोणी काही म्हटलं नाही. पहिल्या वर्षी तू केलंस, मग मी केलं, मग तेच चालू राहिलं. गावात लोक म्हणायचे, दोघा भावांचं तोंडही नाही. त्यांनी आपल्याला धाब्यावर कधी पाहिलं नव्हतं.

तू गेल्यापासून चार वर्षं दोन्ही बाजू मीच करतोय. उपकार म्हणून नाही. तुझी बाजू गळली तर माझी भिंत ओली होते, म्हणून.

किल्लीचं पहा.

पितांबर


२९ मार्च १९६१

रेवजी,

किल्ली मिळाली.

चुनीलाल कापडवाला सुरतेहून माल घेऊन येताना व्याऱ्याला उतरला होता, त्याच्या हाती तू दिलीस. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली किल्ली काढून म्हणाला, "मास्तर, तुम्हना भाऊनी दिन्ही शे."

मी विचारलं, "आणखी काही सांगितलं?"

"नही. काय बी नही सांगं."

"बरा आहे का?"

"बरा शे. केस पांढरा व्हयी गयात."

तुझे केस पांढरे झाले. तुझे केस लहानपणी इतके काळेभोर होते की आई म्हणायची याला दृष्ट लागेल. चुनीलालचं ऐकल्यापासून मी तुझ्या डोक्याचा विचार करतोय. हसू नकोस. माणूस एकटा असला की त्याला असले विचार सुचतात.

किल्ली मी देवघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. अजून दार उघडलेलं नाही. सहा पावलांवर दार, हातात किल्ली, तरी पाय उचलत नाही. ज्या घरात तू आहेस तिथं बोलावल्याशिवाय शिरणं मला जमलं नसतं, आणि तू नाहीस तिथं शिरणं त्याहून अवघड वाटतंय. तापीबाई शेजारच्या शेतातून मला भाकरी आणून देते. ती म्हणाली, "उघडा ना मास्तर, भूत ऱ्हास का तठे?" भूत असतं तर बरं झालं असतं, दोन शब्द बोललो असतो.

उद्या उघडीन.

पितांबर


३ एप्रिल १९६१

प्रिय रेवजी,

उघडलं. हे पत्र तू शांतपणे बसून वाच, आणि शांतीबाईला ऐकव.

दार कुरकुरलं पण उघडलं. आत धुळीचा आणि छतातल्या सुक्या तुरकाट्यांचा वास. चूल तुम्ही जाताना सारवून गेला होतात, तशीच आहे. बाकी रिकामं. मी टेप काढली आणि मास्तरकीनं कामाला लागलो, कारण काम हातात असलं की रडू येत नाही. खोली मोजली. खिडक्या मोजल्या. मग मधल्या भिंतीकडे वळलो, तुझ्या बाजूनं. तुझ्या बाजूनं ती भिंत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

चुन्याच्या भिंतीवर एक डाग आहे. जमिनीवर मांडी घालून बसलं तर डोकं जिथं टेकेल तिथं. तेलाचा डाग, वाटोळा, मधे गडद. रोज कोणीतरी तेल लावलेलं डोकं टेकून बसल्याशिवाय असा डाग पडत नाही, आणि तो एका वर्षात पडत नाही. त्याच्याखाली पाठ टेकून टेकून चुना गुळगुळीत झालाय. मला वाटलं, थंड भिंत म्हणून बसत असशील. मी त्याचं माप घेतलं, मागच्या दारापासून किती, जमिनीपासून किती, कारण नकाशात जे आहे ते सगळं दाखवायचं असा नियम मी स्वतःच घालून घेतला होता.

संध्याकाळी ते माप कागदावर टाकलं. रेवजी, माझ्या बाजूलाही तसाच डाग आहे. तो मी आधीच टाकला होता, माझाच म्हणून थोडा लाजत. मी तिथं रोज बसतो. तुझी वहिनी सुगंधा आजारी होती तेव्हा तिची खाट समोर असायची आणि मी भिंतीला टेकून तिला वाचून दाखवायचो, कधी पोथी, कधी वर्तमानपत्र. दोन्ही डाग कागदावर एकावर एक बसले. मी पट्टी लावून पाहिलं, पुन्हा जाऊन दोन्हीकडून मोजून आलो. फरक नाही. मधे फक्त भिंतीची जाडी.

म्हणजे तू ऐकत होतास. मी इकडे बसायचो आणि तू तिकडे, पाठीला पाठ लावून, आणि मला वाटायचं या घरात माझं ऐकणारी एकटी सुगंधाच आहे.

आता ती ठकठक आठवली. सुगंधा गेली त्यानंतर मी वाचणं सोडलं. दहावा-बारावा झाला, पाव्हणे गेले आणि एका संध्याकाळी, नेहमीच्या वाचायच्या वेळेला, भिंतीवर तुझ्या बाजूनं कोणीतरी बोटांनी हळू ठोकलं. मी ओरडलो, आता भिंतही पाडतोस का? ठोकणं थांबलं. मी समजलो, भावाला माझं दुःखही पाहवत नाही. पुढच्याच उन्हाळ्यात माती टाकून तू सासऱ्याच्या शेतीवर निघून गेलास. तू मला काय म्हणत होतास ते माझ्या आज लक्षात आलं, आणि तू म्हणत होतास एवढंच ना की वाचा?

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं म्हणतात. आपल्या घराचे वासे फिरले नाहीत रे, ते बिचारे होते तिथेच होते.

दुसरं काही लिहवत नाही.

तुझा भाऊ


२२ मे १९६१

प्रिय रेवजी,

मागच्या पत्राचंही उत्तर नाही. शांतीबाईला ऐकवलंस की नाही ठाऊक नाही. तू वाचलंस असं धरून चालतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आपण एकाच दोराचे, तेव्हा मी तुला कशाला बोल लावू?

नकाशा पुरा झाला. हिंमतराव येऊन पाहून गेला. म्हणाला, "चांगला शे मास्तर, पन ती मधली भित काढी टाका. हापिसमा बरी दिसाव नही." मी म्हटलं, ती घातली आहे तर दिसणार. सोसायटीला घर पाहिजे की गोष्ट? त्यानं मान डोलावली. माझ्या आवाजाला तो अजून भितो.

आता महत्त्वाचं. आखाजी होऊन महिना झाला. लेकीबाळी माहेरी येऊन झोके खेळून गेल्या, आणि गावातली सगळी धाबी पांढरी झाली. आपलंच राहिलंय. मी हिंमतरावाला खारी मातीच्या गाड्या मागवायला सांगितलं तर तो हसायला लागला. "मास्तर, पाडाना घरवर कोन माती टाकस?" त्याचं बरोबर आहे. दसऱ्यानंतर पाडायचं घर, त्याला यंदा माती कशाला? पण पावसाळा मधे आहे. चार महिने त्या घरात मी राहणार आहे, आणि त्या भिंतीला ओल लागली तर डाग जातील. दोन्ही डाग. मी माती मागवली. ती अंगणात येऊन पडली आहे.

माझा उजवा गुडघा यंदा शिडी चढू देत नाही. वैद्य म्हणतो, वात आहे. मी म्हणतो, वय आहे. गेल्या वर्षीच उतरताना तापीबाईच्या घरधन्याला खाली उभं करावं लागलं होतं.

म्हणून लिहितो, ये. किल्ली मागताना मी म्हटलं होतं की पत्राची अपेक्षा नाही. खोटं होतं ते. मला नकाशासाठी किल्ली पाहिजे होती हेही अर्धंच खरं. मला पाहिजे होतास तू. दसऱ्यानंतर आपल्याला भेटायला निमित्त उरणार नाही, कारण ज्या निमित्तानं आपण वर्षातून एकदा तरी एकमेकांना पाहायचो ते म्हणजे ते धाबं. बोलू नकोस. बोलायची सक्ती नाही. तुझ्या शिडीनं चढ, तुझी बाजू कर आणि जा. मी वर नाही चढू शकलो तर अंगणात खाटेवर बसून पाहीन.

मिरगाआधी कधीही ये. फक्त पुढच्या मंगळवारी मी नंदुरबारला चष्म्याचा नंबर काढायला जाणार आहे, तो दिवस सोडून.

तुझा भाऊ


११ जून १९६१

रेवज्या,

मंगळवार सोडून ये म्हणून लिहिलं, आणि तू नेमका मंगळवार धरलास!

दिवस मावळायला नंदुरबारहून मोटारीतून उतरलो, नवा चष्मा डोळ्यावर. मळ्याच्या वाटेनं येताना लांबूनच दिसलं की घराच्या डोक्यावर अर्ध्या भागात काहीतरी पांढरं चमकतंय. मला वाटलं चष्म्याचा दोष. अंगणात आलो तर तापीबाई पदरानं हात पुसत उभी.

"रेवजी नाना उना व्हता," ती म्हणाली. "सकायनी गाडीवर उना. मीच टोपल्या उचली दिन्ह्यात. माती टाकी, चोपी, उतरना आनि निंघी गया."

"थांबवलं नाहीस?"

"म्हन्तं ना मी, नाना, मास्तर सांजले येतीन, थांब ना. तो बोलना, मन्ही गाडी शे. पानी पिना फक्त." पदर सावरून ती पुढं म्हणाली, "एक इचारं त्यानी. भाऊना गुडघा आजून दुखस का, आसं इचारं."

गुडघा. म्हणजे पत्रं पोचतात. म्हणजे तू वाचतोस. मी अंगणातल्या खाटेवर बसलो आणि तापीबाईसमोर रडलो, तिनं बिचारीनं तोंड फिरवून चूल पेटवायचं सोंग केलं. आनंद किती आणि राग किती हे मला सांगता येणार नाही. साठ मैल येतोस, माझ्या अंगणात उभा राहतोस, माझ्या माठातलं पाणी पितोस आणि मी येईपर्यंत थांबत नाहीस. बापाचा मुलगा खरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर चढलो. वैद्याला कळवू नकोस. तापीबाईनं खालून शिडी धरली, मी एकेक पायरीला गुडघ्याला शिव्या दिल्या आणि पोचलो. तुझी बाजू अगदी नेहमीसारखी. पन्हाळीकडे उतार, कडांना जास्त चोप. आणि मधे, झरोक्याच्या अंदाजानं, तुझी माती एक हात माझ्या हद्दीत आलेली. तू विसरला नव्हतास.

मग मीही केलं. एका दिवसात नाही झालं, चार दिवस लागले. थोडं टाकायचो आणि बसायचो, थोडं टाकायचो आणि खाली उतरायचो. तापीबाई आणि तिचा घरधनी टोपल्या देत होते. सांधा राहील अशी धास्ती होती, कारण तुझी माती आधीची आणि माझी नंतरची. म्हणून तुझी कड पाण्यानं ओली केली आणि मी एक हात नाही, दोन हात तुझ्याकडे गेलो. पंच असते तर तक्रार झाली असती.

परवा मिरगाचा पाऊस झाला, चांगला दणकून. मी कंदील घेऊन दोन्ही खोल्यांत फिरलो. तुझी किल्ली आता माझ्याच कनवटीला असते. सांधा गळला नाही.

यंदाचा पावसाळा मी रोज संध्याकाळी थोडं वाचणार आहे. माझ्या बाजूनं टेकून. दार उघडं ठेवून.

तुझा भाऊ


२९ ऑक्टोबर १९६१

प्रिय रेवजी,

घर पडलं.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी माणसं आली. आधी धाबं काढलं. आपण टाकलेली माती इतकी घट्ट बसली होती की कुदळी लागेनात. मुकादम म्हणाला, ही माती कोणी चोपली? मी म्हटलं, आम्ही दोघांनी. मग पाला, तुरकाट्या, कडीपाट, तुळया, सगळं एकेक उतरलं. सागाचे खांब सोसायटीनं गोदामाला घेतले, तेवढा पणजोबांचा जीव तिथं राहील. बाहेरच्या भिंती पडल्या. मधली भिंत त्यांनी शेवटी ठेवली, का कोण जाणे. एक आख्खा दिवस ती एकटीच मोकळ्या रानात उभी होती, वर आभाळ, आणि दोन्हीकडचे डाग उन्हात दिसत होते. पूर्वेकडून पाहिलं की माझा आणि वळसा घालून पश्चिमेला गेलं की तुझा. मी दिवसभर तिच्याभोवती फेऱ्या घातल्या. लोकांना वाटलं मास्तरांचं डोकं फिरलं. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी तीही पाडली. खाली पेवाचं तोंड उघडं झालं. मी वाकून आत पाहिलं, रिकामं होतं, पण आतून अजून ज्वारीचा वास येत होता. आठ वर्षं कोंडलेला. तुला हा वास द्यायचा कसा ते मला समजलं नाही, म्हणून नुसतं कळवतो.

नकाशाचे मी दोन कागद केले होते. एक जमिनीवरून दिसणारं घर, भिंतीसकट. दुसरा वरून दिसणारं घर, नुसतं धाबं. वरून भिंत दिसतच नाही, त्यामुळे दुसऱ्या कागदावर ती नाही, आणि त्यासाठी मला खोटं काही काढावं लागलं नाही. हिंमतरावानं तोच चौकटीत बसवून हापिसात टांगला. खाली लिहिलंय, गोविंद पाटील यांचे मळ्यातील घर. पाटलांची घरं असं लिहिलेलं नाही. पहिला कागद मी कोणाला दिला नाही. त्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं दोन बारीक ठिपके आहेत, बाकी कोणाला ते कळायचे नाहीत.

मी आता गावात तापीबाईच्या ओसरीशेजारच्या खोलीत राहतो. खोली चांगली आहे. भिंती कोऱ्या आहेत. संध्याकाळी टेकून बसलो तरी पलीकडे कोणी नसतं, हे आता मला पक्कं ठाऊक असतं. आधी ठाऊक नव्हतं तेव्हा पलीकडे तू होतास, आणि तेव्हाही मी स्वतःला एकटाच समजत होतो. हे जे काही झालं त्याचा हिशेब मला लागत नाही आणि लावायचाही नाही. पण फार एकटं वाटतं रे. हे मी कोणाला म्हटलं नव्हतं, तुला म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात माती टाकायला धाबं नाही. न बोलता भेटायची आपली एकच जागा होती ती गेली. आता भेटायचं तर बोलावं लागेल, दुसरा इलाज नाही. मोठा मी आहे, तेव्हा मीच येतो. शुक्रवारच्या गाडीनं. तो कागद सुरळी करून बरोबर आणतोय, आणि वाचायला एक पोथीही. तुझ्या घरात कुठलीही एक भिंत मला दाखव, दोघं टेकून बसू, या खेपेला एकाच बाजूनं.

त्या दिवशी सकाळपासून गावाबाहेर जायचं काम काढू नकोस.

इतकी वर्षं तोंडानं तुझ्याशी बोललो नाही, दारात आलो की जीभ अडखळेल अशी भीती वाटते. म्हणून पहिलं वाक्य आताच लिहून ठेवतो. तू दार उघडलंस की मी हेच म्हणेन, आणि तू काय वाटेल ते उत्तर दे:

रेवजी, जेवन व्हयनं का रे भाऊ?